दुर्मीळ रंगाला भाव किती दिवस टिकतो? कडकनाथ, बॉल पायथन आणि देवणीचा हिशोब

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतेय. बोललेलंच आहे, फक्त थोडं आवरून घेतलंय.)

मी निलंग्याहून बोलतेय. आजचा विषय तुम्हीच दिलाय. गेल्या काही दिवसांत तुमच्या ज्या व्हॉइस नोट आल्या, त्यातल्या बऱ्याच एकाच गोष्टीभोवती फिरायल्यात. एकजण म्हणतो, "ताई, पांढऱ्या-पिवळ्या अजगराचं रील बघितलं. एकेक पिल्लू लाखाला विकायलेत म्हणे. आपल्याकडं जमतंय का?" दुसरी विचारते, "कडकनाथची दोनशे पिल्लं घेऊ का? देणारा म्हणतोय, माल आम्हीच परत घेतो." तिसऱ्याकडे बजरीगर पक्षी आहेत, त्याला वेगळ्या रंगाची जोडी हवीय, पण विकायची कितीला ते ठरत नाही.

प्राणी तीन, प्रश्न एकच. दुर्मीळ रंगाचा प्राणी वाढवून विकायचा असेल तर भाव कसा लावायचा, आणि तो भाव किती दिवस टिकेल? मी पशुवैद्यक नाही. मी हिशोब बघणारी आहे. त्यामुळे आज औषधपाणी सांगणार नाही, पैसा कुठून येतो आणि कुठे अडकतो एवढंच सांगणार आहे.

०१:५० | आधी निलंगा राइसचा गाडा समजून घ्या

आपल्या निलंगा राइसच्या गाड्यावर काय होतं? गिऱ्हाईक येतं, प्लेट घेतं, खातं, पैसे देतं आणि जातं. उद्या भूक लागली की परत येतं. गाडेवाल्यानं शंभर प्लेटा विकल्या म्हणून गावात शंभर नवे गाडे उभे राहत नाहीत.

आता दुर्मीळ रंगाचं पिल्लू विकणारा बघा. त्यानं एक जोडी विकली. घेणारा ती जोडी खायला नेतो का? नाही. तो ती वाढवणार, तिची पिल्लं काढणार आणि तीही विकणार. म्हणजे तुम्ही ज्याला माल विकला, तोच पुढच्या वर्षी तुमच्या शेजारी गाडा लावतो. तुमच्याकडून घेतलेल्याच चुलीवर, तुमच्याच पद्धतीनं.

आजच्या भागाचं सार हेच आहे. रंगाचा धंदा करताना पहिला प्रश्न "भाव किती?" हा नसतो. पहिला प्रश्न असतो, "हे घेणारा याचं शेवटी काय करणार?" खाणार, पाळणार, कामाला लावणार, का परत विकणार? घेणारे सगळेच परत विकणारे असतील, तर आज दिसणारा भाव उसना आहे. तो कुणाच्या तरी खिशातून परत द्यावा लागतो, आणि शेवटी जो घेतो त्याच्या खिशातून जातो.

०४:१० | काळा रंग येतो कुठून

कडकनाथ हा मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर, धार या आदिवासी भागातला पक्षी. तिकडं त्याला कालीमासी म्हणतात. पिसं काळी, तुरा काळा, जीभ काळी, मांस काळपट आणि हाडंसुद्धा काळपट. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

हा काळेपणा खाण्यातून किंवा मातीतून येत नाही. कोंबडीच्या एका गुणसूत्रावरचा एक तुकडा फार पूर्वी चुकून दुप्पट झाला. रंग तयार करणाऱ्या पेशींना वाढवणारं एक जनुक त्या तुकड्यात आहे. ते जास्त काम करू लागलं आणि रंगाच्या पेशी कातडीपुरत्या न राहता अंगभर पसरल्या. चीनची सिल्की कोंबडी आणि इंडोनेशियाची आयाम चेमानी यांच्यातही हाच बदल सापडलाय. म्हणजे ज्याला सापाच्या दुनियेत 'मॉर्फ' म्हणतात, तसाच हा कोंबडीतला रंगबदल.

आता गंमत बघा. आयाम चेमानी अमेरिकेत पहिल्यांदा विक्रीला आली तेव्हा, साधारण २०१३ च्या सुमारास, फ्लोरिडातल्या एका फार्मनं एका पक्ष्याला सुमारे अडीच हजार डॉलर घेतले. रंगबदल तोच, जो झाबुआच्या वाड्यावस्त्यांवर पिढ्यान् पिढ्या उकिरडा उकरत फिरत होता. मग अडीच हजार डॉलर कशाचे? रंगाचे नव्हे. ते होते "अजून कुणाकडं नाही" याचे. अशा भावाची मुदत तुमच्या हातात नसते. दुसऱ्यांकडं तो पक्षी आला की ती संपते.

अजून एक गोष्ट इथंच सांगते, कारण पुढं भाव लावताना लागेल. हा काळा रंग बराचसा प्रभावी आहे. कडकनाथ कोंबडा आणि आपली गावठी कोंबडी यांची पिल्लं काढली तरी त्यातली बरीच काळपट निघतात. लहानपणी तर ओळखूच येत नाहीत. म्हणून बाजारात 'कडकनाथ' म्हणून फिरणारं प्रत्येक काळं पिल्लू कडकनाथ असतंच असं नाही. आणि हो, काळ्या अंड्यांचे जे फोटो फिरतात त्यांवर विश्वास ठेवू नका. कडकनाथचं अंडं फिकट तपकिरी, मळकट पांढरं असतं. काळं नसतं.

०७:३० | लाखाच्या अजगराची गोष्ट

आता त्या रीलवाल्या अजगराकडं येऊ. तो बहुतेक बॉल पायथन असतो. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, अंगानं लहान, स्वभावानं शांत. १९९२ मध्ये अमेरिकेत बॉब क्लार्क या ब्रीडरकडं पिंजऱ्यात जन्मलेली पहिली पांढरी-पिवळी, म्हणजे अल्बिनो, पिल्लं निघाली. तेव्हा एकेका पिल्लाला हजारो डॉलर मिळाले. पाच वर्षांनी, १९९७ मध्ये, पांढऱ्या अंगावर रंगीत ठिगळं असलेला 'पाइड' आला. त्यालाही सुरुवातीला डोळे पांढरे होतील असा भाव होता.

आज तोच अल्बिनो तिकडं शंभर-दोनशे डॉलरच्या आसपास मिळतो. साप तोच, रंग तोच. बदललं काय? हजारो घरांत तो झाला. तिथल्या हुशार ब्रीडरनी मग काय केलं? एका रंगावर विसंबणं सोडलं. दोन-तीन रंग एकत्र करून नवा नमुना काढायचा, पहिली दोन वर्षं त्याचा भाव घ्यायचा, आणि बाकीच्यांकडं पोचायच्या आत पुढच्यावर जायचं. ऐकायला भारी वाटतं, पण ही शर्यत आहे. त्यात कायम पुढं राहायला मोठं भांडवल लागतं, आणि मागं राहिलेल्याच्या घरात न विकलेले साप राहतात. सापाला उंदीर लागतात, ऊब लागते. तो विकला जाईपर्यंत खर्च चालूच.

त्या दुनियेतली एक वाईट गोष्टही सांगायला हवी. 'स्पायडर' नावाचा एक नमुना १९९९ च्या सुमारास आला. दिसायला देखणा, पण त्या जनुकासोबत डोकं थरथरण्याचा, तोल जाण्याचा त्रास येतो. तरी तो वर्षानुवर्षं विकला गेला. पुढं काही ठिकाणच्या प्रदर्शनांनी त्याच्या विक्रीला बंदी घातली आणि तो ज्यांच्याकडं होता त्यांचा माल पडून राहिला. नुसता रंग बघून जनावर वाढवलं की जनावराचे हाल होतात, आणि एक दिवस गिऱ्हाईकही तोंड फिरवतं.

आता कायदा. बॉल पायथन आंतरराष्ट्रीय सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्याकडं वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. त्यानुसार असा प्राणी बाळगणाऱ्यानं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची, झालेली पिल्लं, मेलेला प्राणी, दुसऱ्याला दिलेला प्राणी, सगळ्याची नोंद ठेवायची. इन्स्टाग्रामवर मेसेज करून कुरिअरनं मागवायची ही वस्तू नाही. आणि आपला इकडचा अजगर, घोरपड, चांदणी कासव, मांडूळ यांचा तर विचारही नको. ते संरक्षित आहेत, पकडणं-विकणं गुन्हा आहे.

मांडुळाचं नाव घेतलंच आहे तर बघा, उसन्या भावाचं ते सगळ्यात नागडं उदाहरण आहे. "अमुक वजनाच्या दुतोंड्याला कोटी मिळतात" ही अफवा आपल्याकडं किती वर्षं फिरतेय! पण त्या मांडुळाचं शेवटी काय करतात, ते घेणारा नेमका कोण, हे कुणालाच सांगता येत नाही. पकडणारा दलालाला देतो, दलाल दुसऱ्या दलालाला दाखवतो, आणि शेवटी सगळे पोलिसांच्या गाडीत बसतात. त्या बाजारात शेवटचं गिऱ्हाईक नाहीच. फक्त अफवा आहे.

१२:०० | कोण किती वेगानं वाढतं, त्यावर भावाचं आयुष्य

आता कागद-पेन घ्या, नाहीतर मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा.

समजा, तुमच्याकडं कडकनाथच्या दहा कोंबड्या आहेत. एक कोंबडी वर्षाला ऐंशी अंडी देते असं धरू. कडकनाथ खुडूक बसून अंडी उबवण्यात कच्ची असते, म्हणून यंत्र लागतं. एकवीस दिवसांत पिल्लं निघतात. फुटलेली, न उबलेली, मेलेली वजा करून निम्मी, म्हणजे चाळीस पक्षी मोठे झाले असं समजा. त्यातल्या वीस कोंबड्या. म्हणजे एकीच्या वीस झाल्या. दहाच्या दोनशे. पुढच्या वर्षी दोनशेच्या चार हजार. तिसऱ्या वर्षी ऐंशी हजार.

हे कागदावरचं गणित आहे, प्रत्यक्षात इतकं सरळ नसतं. पण दिशा कळते. पिल्लं घेणारा प्रत्येकजण नवा पैदासकारच असेल, तर तीन वर्षांत एका तालुक्यात माणसं पुरायची नाहीत.

आता बॉल पायथन. मादी अंड्यावर यायला साधारण तीन वर्षं, आणि एका वेळी सरासरी सहाच्या आसपास अंडी. वाढ हळू. म्हणून त्याचा भाव कोसळायला दहा-पंधरा वर्षं लागली. कोंबडीला तेवढा अवधी मिळत नाही. तिचा भाव दोन-तीन हंगामांत बसतो. बजरीगरचंही तसंच, वर्षाला एकाहून जास्त वेळा पिल्लं काढतो, म्हणून नव्या रंगाचा भाव लवकर उतरतो.

म्हणजे नियम असा निघतो: प्राणी जितक्या वेगानं वाढतो, तितकं त्याच्या रंगाच्या भावाचं आयुष्य कमी. हे घोकून ठेवा.

१४:४० | २०१९ मध्ये काय झालं

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आपल्याच राज्यातली गोष्ट ऐका. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरची महारयत ॲग्रो इंडिया नावाची कंपनी. योजना अशी होती की शेतकऱ्यानं पैसे भरायचे, कंपनी कडकनाथची पिल्लं, खाद्य, औषधं देणार, आणि तयार झालेली अंडी आणि पक्षी ठरलेल्या भावानं परत घेणार. सांगली, कोल्हापूर, साताऱ्यासह अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी पैसे भरले. बरेच जण तरुण होते. कुणी कर्ज काढलं, कुणी घरातलं सोनं ठेवलं. २०१९ मध्ये खरेदी थांबल्याच्या, पैसे अडकल्याच्या तक्रारी सुरू झाल्या, पोलिसांत फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले. त्या सप्टेंबरमध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची यात्रा सांगली जिल्ह्यात आली तेव्हा आंदोलकांनी ताफ्यासमोर कडकनाथ कोंबड्या फेकल्या. टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं, हसलेही. पण ज्याच्या शेडमध्ये रोज खाद्य मागणारे शेकडो पक्षी होते, त्याला हसू येत नव्हतं.

गुन्ह्याचं काय ते न्यायालयात ठरेल. आपल्याला धंद्याचा धडा घ्यायचाय. 'माल आम्ही परत घेऊ' हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न विचारायचा: "तुम्ही घेऊन कुणाला विकणार?" उत्तर "हॉटेलला, अमुक शहरातल्या दुकानांना, हे बघा बिल" असं आलं तर पुढं बोलू. उत्तर "नव्या शेतकऱ्यांना पिल्लं म्हणून" असं निघालं, किंवा उत्तरच आलं नाही, तर तिथून उठायचं. कारण मग तुमची कमाई मागून येणाऱ्याच्या भरण्यातून होणार, आणि ज्या दिवशी मागून कुणी येणार नाही त्या दिवशी बंद. तामिळनाडूत २०१२ मध्ये इमू पक्ष्यांच्या बाबतीत हेच झालं होतं.

याचा अर्थ कडकनाथ वाईट असा नाही. पक्षी चांगला आहे, काटक आहे, चवीचे शौकीन आहेत. २०२० मध्ये धोनीनं झाबुआकडं दोन हजार पिल्लांची ऑर्डर दिली तेव्हा पुन्हा मोठी चर्चा झाली. पण जानेवारी २०२१ मध्ये झाबुआ जिल्ह्यातल्या फार्मवर बर्ड फ्लू सापडला आणि पक्षी नष्ट करावे लागले. त्याच महिन्यात आपल्या अहमदपूर तालुक्यात केंद्रेवाडीलाही बर्ड फ्लूनं कोंबड्या मेल्या. रोगाला रंग दिसत नाही. महागडा पक्षीही तसाच मरतो.

१८:२० | मग भाव लावायचा कसा

आता मुद्द्यावर येते. माझी पद्धत साधी आहे: भाव वरून खाली लावायचा नाही, खालून वर लावायचा.

पहिली पायरी, तळाचा भाव. सगळी हौस, सगळी बातमी बाजूला ठेवा. उद्या कुणालाच पैदाशीसाठी पिल्लू नको असेल, तर हा प्राणी कोण किती देऊन घेईल? कोंबडीला तळ आहे, ती खाल्ली जाते. बजरीगरला तळ आहे, लहान मूल हट्ट करतं आणि घरात पिंजरा येतो. सापाला आपल्याकडं तळ जवळजवळ नाहीच.

दुसरी पायरी, खर्च. मी एक हिशोब मांडते. आकडे 'समजा'चे आहेत, तुम्ही तुमच्या गावचे टाका. पिल्लू ६० रुपये. पाच-सहा महिन्यांत सहा किलो खाद्य, ३५ रुपयांनी २१० रुपये. लस, वीज, भुसा मिळून ४० रुपये. झाले ३१० रुपये. शंभर पिल्लांना ३१ हजार. त्यातली दहा मेली. नव्वद पक्ष्यांवर तो खर्च वाटला की एका पक्ष्याला जवळपास ३४५ रुपये पडले. आता तुम्ही पक्षी ४५० ला विकला, तर नव्वदचे ४० हजार ५००. हातात राहिले साडेनऊ हजार. सहा महिन्यांचे. म्हणजे महिन्याला साधारण १,६०० रुपये, आणि त्यात तुमची, आईची, बहिणीची मजुरी धरलेली नाही.

हा आकडा ऐकून वाईट वाटून घेऊ नका. हा तुमचा पाया आहे. तोच पक्षी लातूर-सोलापूरच्या हॉटेलला किंवा थेट खाणाऱ्याला ७०० ला गेला, तर ३२ हजार राहतात. पक्षी तोच, खर्च तोच. वाढलेले पैसे रंगानं नाही दिले, जवळच्या गिऱ्हाइकानं दिले. म्हणून दहा नवीन पिल्लांपेक्षा एक नवीन हॉटेल शोधणं जास्त कामाचं.

तिसरी पायरी, जोडीचा भाव वेगळा ठेवा. एकाच वेतातली सगळी पिल्लं एका भावानं विकू नका. तीन ढीग करा. खायचे, हौसेला पाळायचे आणि पैदाशीचे. पैदाशीला फक्त निवडक पक्षी द्या: ठणठणीत, वजनदार, तुरा-जीभ-पाय सगळीकडं रंग भरलेला. त्याला तिप्पट भाव लावलात तरी चालेल. पण बाकीचे कमअस्सल पक्षी "जोडी आहे, जोडी आहे" म्हणत खपवू नका. ते खाणाऱ्याकडं जाऊ द्या. तेवढ्यानं तुमच्या पैदाशीच्या पक्ष्याचं नाव टिकतं, आणि बाजारात स्पर्धकही कमी तयार होतात.

चौथी पायरी, जोडीच्या भावातून आलेला पैसा पगार समजू नका. तो दिवाळी बोनस आहे. तो यंत्रात घाला, शेडच्या जाळीत घाला, कर्ज फेडा. पण त्याच्या भरवशावर नवीन कर्ज काढू नका. पहिल्या वर्षाचा भाव पुढच्या पाच वर्षांवर लावून जे कोष्टक कुणी दाखवतं, ते कोष्टक म्हणजे जाहिरात.

पाचवी पायरी, भाव तुम्हीच उतरवा, वेळेवर उतरवा. आसपास दुसरा कुणी विकायला लागला की बरेच जण हट्टानं जुना भाव धरून बसतात. माल तुंबतो, खाद्याचं बिल चढतं, आणि मग एक दिवस घाबरून निम्म्या भावात सगळं काढतात. तसं केलं की मागच्या महिन्यात पूर्ण भाव देऊन घेतलेलं तुमचं गिऱ्हाईक तुमच्यावर कायमचं नाराज. त्यापेक्षा हंगामागणिक थोडा भाव कमी करा, आणि आधीच सांगा की पुढच्या हंगामात एवढा असेल.

सहावी पायरी, कागद. सापाच्या धंद्यातली एक गोष्ट खरंच शिकण्यासारखी आहे. अल्बिनो रंग अप्रभावी असतो. आई आणि बाप, दोघांकडून ते जनुक आलं तरच दिसतो. ज्याच्याकडं एकाच बाजूनं आलंय तो साप दिसायला अगदी साधा. तरी तो साध्यापेक्षा महाग विकला जातो, कारण त्याच्या पोटी रंगीत पिल्लू येऊ शकतं. डोळ्याला काही दिसत नाही आणि माणूस जादा पैसे देतो. कशाच्या जोरावर? विकणाऱ्याच्या शब्दाच्या आणि वहीच्या जोरावर. तुमच्या कडकनाथचं उलट आहे. रंग दिसतो, पण तो शुद्ध का मिसळलेला ते दिसत नाही. दोन्हीकडं वही लागतेच. पायात क्रमांकाची रिंग, पिल्लू निघाल्याची तारीख, आई-बापाचा फोटो, दिलेल्या लशी, मूळ पिल्लं कुठून आणली त्याची पावती. मोबाइलमध्ये एक साधी शीट केलीत तरी पुरे. रंगाची नक्कल शेजारी एका वर्षात करतो. पाच वर्षांच्या वहीची नक्कल करायला त्याला पाच वर्षं लागतात.

२४:३० | आपल्याच गोठ्यातला रंग

शेवटचा मुद्दा थोडा आपल्या मातीतला. रंग आणि भाव यांचं नातं आपल्या भागाला नवीन नाही. ज्या देवणीवरून देवणी जात ओळखली जाते ती देवणी आपल्याच लातूर जिल्ह्यात. या जातीत तीन रंगप्रकार मानतात: तोंडाच्या बाजूला काळा आणि बाकी पांढरा तो वानेरा, पांढरा पण पोटाखाली काळे ठिपके तो बालंक्या, आणि पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके तो शेवरा. शेजारच्या नांदेडची लाल कंधारी तर नावातच रंग घेऊन फिरते.

आता हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत जुनी माणसं बैल कसा बघतात ते आठवा. आधी दात. दोन दाती आहे, चार दाती आहे, का जुळलाय? मग खूर, खांदा, चाल. मग विचारणार, कामाला कसा, मारका आहे का. हे सगळं पसंत पडलं की मग रंग. रंगाला भाव आहेच, नाही असं नाही. एका रंगाची, एका शिंगाची, एका उंचीची जोडी जमली तर दोन सुट्या बैलांच्या बेरजेपेक्षा जास्त पैसे मिळतात. पण कामाला नाठाळ बैल रंगावर विकला जात नाही. रंग हा तिथं वरचा चार आणे भाव आहे. बाकीचे बारा आणे काम.

आणि वाढीचा वेग आठवतो ना? देवणी गाय पहिल्यांदा वितेच मुळी चौथ्या वर्षाच्या आसपास, आणि पुढं सव्वा-दीड वर्षाला एक वासरू. कुणी ठरवलं तरी तीन वर्षांत तालुका वानेऱ्यांनी भरून टाकू शकत नाही. शिवाय घेणारा शेवटचा असतो: त्याला शेतात बैल हवाय, घरात दूध हवंय. म्हणून तिथला भाव रीलमध्ये चमकत नाही, पण एका रात्रीत कोसळतही नाही. दूध मात्र संकरित गाईइतकं नाही, सरासरी एका वेताला नऊशे लिटरच्या आतच, हेही हिशोबात धरा. उगाच भावुक होऊन गाय घेऊ नका. ज्यांना या वाटेनं जायचंय त्यांनी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाऊन विचारावं. जवळच आहे.

२८:१० | तर तिघांना उत्तर

अजगरवाल्या मित्रा, नको. कायद्याची कागदपत्रं, उंदरांचा खर्च आणि गिऱ्हाईक शेकडो किलोमीटर लांब. त्या रीलमधला भाव तिकडच्या बाजाराचा आहे, आणि तिथंही तो उतरलेला आहे. सापांची आवड असेल तर अभ्यास कर, सर्पमित्रांसोबत रीतसर शिक.

बजरीगरवाल्या भावा, नवीन रंगाची एकच जोडी घे, दहा नको. पहिल्या पिल्लांचा भाव चांगला घे, पण निम्मी पिल्लं पाळणाऱ्या घरात जातील असं बघ. आणि वही आजपासून सुरू कर.

आणि कडकनाथवाल्या ताई, दोनशेवर उडी मारू नकोस. वीस पिल्लांपासून सुरुवात कर. पैसे भरायच्या आधी एक काम कर. निलंगा, औराद, लातूर इथल्या हॉटेलवाल्यांना आणि खाणाऱ्यांना विचार, "महिन्याला किती पक्षी घ्याल आणि कितीला?" वीस पक्ष्यांचा शब्द वहीत लिहून मिळाला तर वीस पिल्लं आण. शब्द मिळाला नाही, तर पिल्लं स्वस्त मिळाली तरी ती महागच पडणार. देणारा "लवकर भरा, शेवटच्या पाच जागा राहिल्यात" म्हणाला, तर त्या पाच जागा त्यालाच राहू देत.

तुमच्या गावात असा काही धंदा चाललाय का, भाव काय आहे, शेवटी कोण घेतं, हे मला व्हॉइस नोटवर पाठवा. नाव सांगायचं नसेल तर नका सांगू, हिशोब मात्र खरा पाठवा. पुढच्या भागात त्यातलेच दोन-तीन हिशोब मांडू. आणि हा भाग घरात पिल्लांचं पत्रक घेऊन बसलेल्या त्या एका मित्राला पाठवा. तुम्हाला माहितीय कुणाला ते.

भेटू. काळजी घ्या.